आबांची दोन मिनिटं

दोन मिनिटं म्हणजे नेमकी किती, हे आबा मेथ्यांइतकं आमच्या पेठेत दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. डाव्या मनगटावर चावीचं घड्याळ, आणि त्याची तबकडी कायम मनगटाच्या आतल्या बाजूला. लोक माना खाली घालून उभे राहिले की आबा पोटावर हात बांधत आणि बांधलेल्या हातांतून काटा बघत. बघणाऱ्याला वाटावं, दुःखानं मान वाकलीय. बरोबर एकशेवीस सेकंद झाले की ‘ॐ शांती’ म्हणत. एक सेकंद कमी नाही, एक जास्त नाही. मी एकदा माझ्या घड्याळावर ताडून बघितलं होतं.

पुण्यामुंबईचे पाहुणे आमच्याकडं रक्षाविसर्जनाला आले की चक्रावतात. तिसऱ्या दिवशी सकाळी पंचगंगेवर राख सावडून होते, नैवेद्य मांडला जातो आणि कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे राहतात. त्या वेळात आमच्याकडं भाषणं होतात. नगरसेवक बोलतो, तालमीचा अध्यक्ष बोलतो, दूध संस्थेचा चेअरमन बोलतो. ज्याला आयुष्यभर कुणी खुर्ची दिली नाही अशा माणसालाही त्या दिवशी निदान दोन वक्ते मिळतात. कोल्हापुरात याचं कुणाला काही वाटत नाही.

या भाषणांत आबांचा हात धरणारा कुणी नव्हता. श्रीपतराव मेथे हे त्यांचं नाव, पण ते फक्त मतदारयादीत. नोकरी कुठल्याशा कचेरीत कारकुनाची, तीही सांगण्यासारखी नाही. पांढरा शर्ट, पांढरी विजार, रुंद कपाळ आणि आवाज असा की कुजबुजले तरी घाटाच्या वरच्या पायरीपर्यंत ऐकू जावं. ‘आज आपल्यातला एक खांब कोसळला’ अशी सुरुवात करायचे. पुढं खांबाच्या जागी वड यायचा, दीपस्तंभ यायचा, शेवटी आवाज फुटायचा आणि बायका पदर डोळ्याला लावायच्या. नव्वद सालापासून पुढं दहाबारा वर्षं आमच्या पेठेतला एकही माणूस आबांचं भाषण झाल्याशिवाय वर गेला नाही.

पण आबांना खरी हौस राजकारणाची. पक्षाच्या प्रचारसभेत साहेब येईपर्यंत सभा तापवत ठेवायची, हे त्यांचं काम. साहेब दोन दोन तास उशिरा यायचे आणि ते दोन तास आबा लोकांना हलू द्यायचे नाहीत. विरोधकांवर बोलताना त्यांची जीभ सालटं काढायची. एका निवडणुकीत समोरचा उमेदवार पायानं अधू होता. आबांनी त्याची चाल करत अख्ख्या स्टेजवर फेरी मारली. आम्ही पोट धरून हसलो. त्या माणसाची बायको सभेच्या कडेला भाजीची पिशवी घेऊन उभी होती, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. मी तेव्हा त्या गोष्टीलाही हसलो असेन. आम्ही तसलेच होतो.

साहेबांची गाडी चौकात वळली की आबांनी वाक्य जिथं असेल तिथं टाकायचं आणि घोषणा द्यायची, असा शिरस्ता होता. त्यामुळं इतक्या वर्षांत आबांनी प्रचाराचं एकही भाषण स्वतः संपवलं नाही. ते कायम साहेबांच्या गाडीनं संपवलं. याकडं आमचं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, आणि आबांचंही नसावं.

माझा छापखाना तालमीच्या समोर. लग्नपत्रिका, हँडबिलं, उत्तरकार्याच्या चिठ्ठ्या, जे येईल ते छापायचो. आबा रोज सकाळी माझ्याकडं येत, कागदाच्या गठ्ठ्यावर बसत आणि विचारत, “काय छापखानं, कोण गेलं?”

“कोण न्हाई आबा.”

“बरं,” म्हणत, पण तोंड उतरायचं.

आजाऱ्याला भेटायला जायची त्यांना फार आवड. चार मोसंबी घेऊन जायचे, उशाशी बसायचे, बालपण कुठं गेलं, कुस्ती कुणाबरोबर केली, सगळं विचारून घ्यायचे. आमच्या गल्लीत एसटीचे एक रिटायर ड्रायव्हर होते. पंधरा दिवस अंथरुणाला खिळलेले. दारात मोसंब्यांची पिशवी घेऊन आबा दिसले आणि म्हातारा उठून बसला. “मला काय झालं न्हाई, मी फिरून येतो,” म्हणून चपला घालून थेट रंकाळ्यापर्यंत चालत गेला. पुढं तो सहा वर्षं जगला. आबा म्हणायचे, “बघा, आमच्या पायगुणानं उठला की.”

घरात मात्र आबा तोंड उघडत नसत. त्यांच्या बायकोला, शांतावैनींना, माझ्या आईनं एकदा विचारलं, “घरातबी असंच बोलत्यात काय हो?” वैनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “घरात कशाला बोलतील? घरात कोण मेलंय?”

आता पांडू टेलरचं सांगतो, कारण पुढं जे झालं ते तिथून झालं.

पांडूचे वडील गेले तेव्हा घाटावर तीनशे माणूस होतं. दोन मुलगे. थोरला तालमीचा कारभारी, आबांच्या बैठकीतला. धाकटा पांडू, शिलाईचं मशीन रस्त्याकडच्या पुढच्या खोलीत टाकून बसलेला. गरीब, खाली मान घालून काजं करणारा माणूस. त्या खोलीवरून भावाभावांत धुसफूस होती, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी कावळा काही केल्या शिवेना. असं झालं की मेलेल्याची इच्छा राहिलीय म्हणतात, आणि नातेवाईक हात जोडून मोठ्यानं शब्द देतात. नातवाचं शिक्षण करू, म्हशी विकणार नाही, आईला सांभाळू. सगळे शब्द देऊन झाले. कावळे भिंतीवर बसून होते.

तेवढ्यात आबा पुढं झाले, पांडूचं मनगट धरलं आणि हात वर करून त्या आवाजात म्हणाले, “बापू, काळजी करू नगा! पुढची खोली थोरल्याला. पांडू तीनशे माणसांम्होरं शब्द देतोय. तुमी सुखानं जावा!”

आणि कावळा उतरला.

सगळ्या घाटानं सुस्कारा सोडला. पांडूचा हात अजून वरच होता. त्यानं तोंड उघडलं, पण बापाच्या पिंडावर बसलेल्या कावळ्यासमोर माणूस काय बोलणार? महिन्याभरात त्यानं मशीन मागच्या बोळात नेलं. बोळात गिऱ्हाईक येत नाही. पुढं त्याच्या बायकोनं लोकांच्या घरी धुणी धरली.

दुसऱ्या दिवशी आबा माझ्याकडं आले तेव्हा खुशीत होते. मी म्हटलं, “आबा, हे बरं न्हाई केलंसा.”

“काय बरं न्हाई? थोरल्यानं आदल्या दिशी सांगितलंतं, एवढं तेवढं बघा म्हणून. आणि कावळा काय, उनं वर आली की उतरतोयच. मी टायमिंग साधलं.” मग जरा वाकून म्हणाले, “भाषण म्हंजे दुसरं काय असतंय छापखानं? टायमिंग.”

हे मी कुणाला सांगायला नको होतं. पण मी ते पांडूला सांगितलं. का सांगितलं, त्याला न्याय मिळावा म्हणून की नुसती जीभ खाजली म्हणून, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. दाताखाली धरलेला दोरा पांडूनं तोडला आणि सुईत ओवला.

असाच एक दिवस आबा त्यांची वही माझ्या गठ्ठ्यावर विसरून गेले. शंभर पानी, वर ‘श्री’ लिहिलेली. मी उघडली. एकेका पानावर एकेक नाव आणि खाली भाषण. पहिली काही पानं रेघ मारून रद्द केलेली. ती माणसं गेलेली होती. त्यापुढची सगळी जिवंत. तालमीचा अध्यक्ष होता, थोरला होता, दूध संस्थेचा चेअरमन होता. पांडूही होता. मध्ये मध्ये कंसात सूचना: ‘इथं थांबणे’, ‘इथं आवंढा’, ‘विधवेकडं बघणे’.

मी माझं पान शोधलं. कोण शोधणार नाही? लिहिलं होतं, ‘छापखानं. सगळा जन्म दुसऱ्याचं छापण्यात गेला. स्वतःची एक ओळ नाही. (इथं आवंढा.)’ बस्स, एवढंच.

मी मेल्यावर पेठेनं रडायचं ते यावर. आणि तेही त्यांनी आवंढा गिळायचा म्हणून. माझ्या अंगाचा जाळ झाला. खोटं असतं तर मी हसून सोडलं असतं.

पुढच्या पानावर माझी आई होती. ‘गल्लीत कुणाची चूल बंद असली की पहिली भाकरी हिच्या घरची. देऊन झाली की दारातनंच परत. आत बसून रडायला कधी थांबली नाही, कारण दुसऱ्या घरच्या पोरांचं जेवण राहिलेलं असायचं.’ त्या पानावर कंसात काहीही नव्हतं. मी आईच्या हाताची भाकरी रोज खात होतो, आणि हे असं मला कधी दिसलं नव्हतं.

सगळ्यात शेवटच्या पानावर ‘श्रीपतराव मेथे’ एवढं नाव होतं आणि खाली कोरं.

संध्याकाळी आबा वही न्यायला आले. मी वाचलीय हे त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असावं. ते ओशाळले नाहीत. म्हणाले, “आयत्या वेळेला सुचत न्हाई. माणूस जित्तं असताना बघून ठेवाय लागतंय.”

“आणि तुमचं पान कोरं का?”

आबा गठ्ठ्यावर बसले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खोलीच्या बाहेर गेला नाही. “काय लिवणार? कारकून हुता, बोलत हुता. दुसऱ्यावर बोलत हुता. एकदा नगरसेवक झालो की चार वाक्यं हुत्यात बघा. पाण्याची टाकी बांधली, गटार केली. कुणीतरी उभं ऱ्हाऊन म्हणंल तरी.”

इतकी वर्षं घसा फोडून या माणसाला हवं काय होतं, तर स्वतःच्या तिसऱ्या दिवसासाठी चार वाक्यं. त्या क्षणी मला त्यांची दया आली. पण माझ्या पानावरची ओळ दयेपेक्षा ताजी होती.

पुढच्याच निवडणुकीत आबांना तिकीट मिळालं. आमच्या वॉर्डाचं आरक्षण उठलं, दोन मोठे इच्छुक एकमेकांचे पाय ओढण्यात संपले आणि साहेबांनी आबांचं नाव काढलं. आबा रडले. खरं रडले, कारण ते रडणं अजिबात चांगलं दिसत नव्हतं. हँडबिलं मीच छापली. ‘आपला माणूस, आपल्या सुखदुःखातला.’ ओळ त्यांचीच.

शेवटची सभा चौकात, संध्याकाळची. सतरंज्या भरल्या होत्या, बायका एका बाजूला, तालमीच्या कट्ट्यावर पोरं. शांतावैनी पहिल्या रांगेत नवं पातळ नेसून. पांडू टेलर तिसऱ्या रांगेत होता, डोक्याला टोपी. त्याला बघून मला जरा आश्चर्य वाटलं. आबांच्या गळ्यात झेंडूचा एवढा थोरला हार. बोलायला लागले आणि नेहमीसारखी सभा हातात घेतली. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. तास झाला, सव्वा तास झाला. आबांची नजर चौकाच्या वळणाकडं. गाडी येईना.

मग तालमीच्या अध्यक्षांनी त्यांच्या हातात चिठ्ठी दिली. साहेब कुरुंदवाडच्या सभेत अडकले होते. येत नव्हते. आबांनीच सभा संपवायची होती.

आबांनी चिठ्ठी वाचली, खिशात घातली आणि थांबले. मी स्टेजच्या बाजूलाच हँडबिलांचे गठ्ठे घेऊन उभा होतो. त्यांच्या कपाळावर घाम फुटलेला मला दिसला. भाषण संपवायचं कसं, हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पेठेनं मला वाढवलं, म्हणाले. तुमच्या प्रत्येकाच्या दुःखात मी उभा राहिलो, म्हणाले. आवाज खाली आला, जड झाला, घाटावरचा झाला. ‘खांब’ आला, ‘वड’ आला. बोलता बोलता त्यांचे हात आपोआप पोटावर बांधले गेले. आणि शेवटाकडं जायची जी एकच वाट त्यांना माहीत होती, तिच्यावरून ते सरळ चालत गेले.

“तरी सर्वांना विनंती हाय, आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं ऱ्हाऊन...”

तिथं त्यांना कळलं. माईक खरखरला. आबांच्या तोंडावर हसू आलं. लोक आता हसतील, मग आपणही हसायचं, आपलीच फिरकी घ्यायची आणि सभा सावरायची, असं ते हसू होतं. हसण्याची त्यांनी वाट बघितली. पोरं हसायच्या तयारीतच होती.

पांडू टेलर उठला. त्यानं टोपी काढली, हात पुढं बांधले आणि मान खाली घातली.

त्याच्या शेजारचा उठला. मग मागचे दोघं. मग सतरंज्यांच्या सतरंज्या उठल्या. बायका उठल्या. कट्ट्यावरची पोरं खाली उतरून ओळीत उभी राहिली. कुणी कुणाला खुणावलं नाही, कुणी हसलं नाही. इतकी वर्षं आबांनीच शिकवलं होतं ते, कसं उभं राहायचं, नजर कुठं ठेवायची. बघता बघता स्टेजवरचा अध्यक्षही गोंधळून उभा राहिला. सगळा चौक स्तब्ध. पलीकडच्या वडेवाल्याच्या कढईचा आवाज तेवढा येत होता. आणि समोर हार घातलेला जिवंत माणूस.

मीही मान खाली घातली. गठ्ठे खाली ठेवून नीट उभा राहिलो. मला त्यात आनंद झाला, हे लिहून टाकतो.

बसून होत्या त्या फक्त शांतावैनी. त्यांनी मान वळवून मागं बघितलं, सगळ्या उभ्या चौकाकडं, एकेकाच्या तोंडाकडं. मग नवऱ्याकडं बघितलं.

आबांनी काय करावं? त्यांनी घड्याळ बघितलं. सवयच ती. दोन मिनिटं झाली आणि त्यांचे ओठ हलले, पण ‘ॐ शांती’ काही बाहेर आली नाही. पांडूनं टोपी घातली आणि वळून चालू लागला. मयताच्या घरातून निघताना आमच्याकडं ‘येतो’ म्हणत नाहीत, मागं वळून बघत नाहीत. सगळी सभा तशीच गेली. कुणी ‘येतो आबा’ म्हटलं नाही. कुणी वळून बघितलं नाही.

सकाळी तालमीच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं: ‘श्रीपतराव मेथे. रक्षाविसर्जन मतमोजणीदिवशी सकाळी.’ अख्ख्या पेठेनं येऊन वाचलं. अक्षर फार सुबक होतं. ते माझं होतं. स्वतःची एक ओळ नाही म्हणत होते ना, ती मी लिहिली.

आबा पडले. ज्याचं नाव कुणाला धड आठवत नव्हतं असा माणूस निवडून आला. त्यानंतर घाटावर आबांना कुणी बोला म्हणालं नाही. ते पुढं झाले की लोकांना हसू फुटायचं, आणि मयताला हसू बरं दिसत नाही. तरी ते यायचे. कडेला उभे राहायचे. माझ्याकडं गठ्ठ्यावर येऊन बसायचं मात्र बंद झालं. फळ्यावरचं अक्षर त्यांनी ओळखलं असणारच. माझ्या अक्षरातल्या दुरुस्त्या असलेली हँडबिलांची कितीतरी प्रूफं त्यांनी तपासली होती.

पुढं वैनी गेल्या, आणि आबा राधानगरीला लेकीकडं जाऊन राहिले. तिकडंच वारले. आम्हाला कळलं तेव्हा तिसरा दिवस उलटून गेला होता, त्यामुळं आमच्यापैकी कुणाला बोलावं लागलं नाही. पण मला ते शेवटचे दिसले ते त्याआधी चारेक महिने, माझ्या आईच्या रक्षाविसर्जनाला. राधानगरीहून पहिल्या एसटीनं आले होते. शर्ट तसाच पांढरा, पण गळ्याशी सैल झालेला.

कावळा शिवत नव्हता. नवा नगरसेवक बोलला. आईचं नाव त्यानं दोनदा चुकवलं आणि मध्ये त्याचा मोबाईल वाजला. मी शब्द दिले, माझ्या बहिणीनं दिले. कावळे भिंतीवर. त्या वेळी मी मागं बघितलं. आबा माझ्याकडंच बघत होते. त्यांच्याकडं माझ्या आईचं भाषण होतं. कंस नसलेलं. मी नुसती मान हलवली असती तर ते पुढं आले असते, आणि माझ्या आईबद्दल त्या दिवशी कुणीतरी खरं बोललं असतं.

मी मान फिरवली. लोक हसतील, असं मला वाटलं.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. नगरसेवकाला पुढं दुसरं रक्षाविसर्जन होतं. “दोन मिनिटं स्तब्धता,” म्हणाला, माना खाली जातात न जातात तोच “ॐ शांती” म्हणाला आणि निघाला. सगळे पांगले. मी पायऱ्या चढू लागलो. वाटेत आबा हात बांधून, मान खाली घालून तसेच उभे होते. मी जवळून गेलो तेव्हा मान वर न करता हळूच म्हणाले, “थांबा की छापखानं. अजून सव्वा मिनिट हाय.”

लोक पुढं गेले होते. मी थांबलो नाही. माझ्या आईसाठी ते सव्वा मिनिट आबा एकटेच उभे राहिले.